दोन कुलपांची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, अक्रोडाच्या लाकडाची. लांबी हातभर, उंची वीतभर, झाकणावर एक अरुंद चीर आणि पुढच्या बाजूला एक सोडून दोन कुलपे. मित्रांनो, तुम्ही शाळेच्या सहलीला सिनेटच्या इमारतीत येता, माझ्या काचेला नाक लावता आणि हमखास विचारता, "एवढ्याशा पेटीला दोन कुलपं कशाला?" तुमचे वाटाडे काका घड्याळ बघत म्हणतात, "पूर्वीची पद्धत होती ती," आणि तुम्हाला घुमट दाखवायला घेऊन जातात. घुमट सुंदरच आहे. पण प्रश्न माझ्याबद्दलचा होता, तेव्हा उत्तरही मीच द्यायला हवे.

पेटी होण्याआधी मी एक कठडा होते. जुन्या न्यायालयात साक्षीदार ज्याला धरून शपथ घेत, तो कठडा. खरे बोलणाऱ्यांचे हात आणि खोटे बोलणाऱ्यांचे हात, दोन्ही मला सारखेच घामेजलेले लागत. ते न्यायालय पाडले तेव्हा टोबायस क्रेन नावाच्या सुताराने माझे लाकूड वाचवले आणि मला हे रूप दिले. आत एक पातळ तळ, त्याखाली बोटभर पोकळी आणि बाहेरून एक जाड तळ, म्हणजे ओल चढणार नाही. जाड तळ त्याने सहा स्क्रूंनी बसवला. "उद्या काही बिघडलं तर उघडता यायला हवं," तो म्हणाला, "आणि हिला शेकोटीपासून लांब ठेवा. बाकी हिची काही मागणी नाही."

माझे काम सोपे होते. आमच्या राज्यात वरिष्ठ न्यायालयाचा न्यायाधीश गव्हर्नर सुचवतो, आणि सिनेटची न्यायसमिती त्याची सुनावणी घेऊन मत देते. पण सुनावणीच्या आधी एक निळी चिठ्ठी निघे. ती उमेदवाराच्या जिल्ह्यातल्या सिनेटरकडे जाई, कारण शेजारचा माणूस शेजाऱ्याला ओळखतो असे धरलेले होते. सिनेटरने सही करून चिठ्ठी माझ्या पोटात टाकली की सुनावणी होई. नाही टाकली तर नाव परत जाई. कारण सांगावे लागत नसे. माझी एक किल्ली समितीच्या अध्यक्षाकडे आणि दुसरी विरोधी पक्षाच्या सर्वांत वडीलधाऱ्या सभासदाकडे असे. एकट्याला मी कधीच उघडत नसे.

त्या काळी खोली क्रमांक दोनशे दहामध्ये भांडणे होत नसत असे समजू नका. टेबलावर मुठी आपटत, चष्मे फेकत. पण एक वाजला की दोन्ही बाजू समोरच्या डोलनच्या खानावळीत एकाच टेबलावर शिंपल्यांचे सूप पीत. एकदा अध्यक्ष आपली किल्ली वाडग्याशेजारी विसरले. विरोधी सभासदाने ती उचलली आणि रात्रभर दोन्ही किल्ल्या एकाच खिशात राहिल्या. सकाळी किल्ली परत देताना दोघेही पोट धरून हसले. पुढे पुढे तसे कुणी हसले नसते.

मग लोर्ना प्रुइट आली. समितीची लिपिक. चोविसाव्या वर्षी आली आणि केस पांढरे होईपर्यंत राहिली. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती दोन्ही किल्ल्या मागून घेई, कुलपांना तेल घाली, माझ्या अंगाला जवसाचे तेल चोळी. "चला बाई, आंघोळ," म्हणे. माझी इतकी काळजी आधी कुणी घेतली नव्हती आणि नंतरही घेतली नाही.

दिवस कधी पालटले ते मला नेमके सांगता येणार नाही. आधी डोलनच्या खानावळीत दोन टेबले झाली. मग जेवणाच्या वेळाही दोन झाल्या. मग निळ्या चिठ्ठ्या परत येईनाशा झाल्या. उमेदवार वाईट होता म्हणून नव्हे, तर तो समोरच्या पक्षाच्या गव्हर्नरने सुचवला होता म्हणून. गव्हर्नर बदलला की बाजू बदलत आणि रिकामी पेटी मात्र तशीच राही. मित्रांनो, रिकामे असणे हे माझे काम नव्हते. पण मला तेच काम लागले.

त्याच सुमाराला मला कुठे ठेवायचे यावरून वाद झाला. डावीकडच्या टेबलावर ठेवले तर उजवीकडच्यांना संशय, उजवीकडे ठेवले तर डावीकडच्यांना. शेवटी टेप आणून खोलीचा बरोबर मध्य मोजला. मध्यावर खिडकी होती आणि खिडकीखाली खोली तापवणारा वाफेचा रेडिएटर. त्यावर एक फळी टाकून मला ठेवले.

"अहो, लाकूड आहे हे. भाजेल," लोर्ना म्हणाली.

"मध्य म्हणजे मध्य, मिसेस प्रुइट," दोन्ही बाजूंनी उत्तर आले.

पहिल्याच हिवाळ्यात माझा आतला तळ भिंतीपासून सुटला. कडेला फट पडली, कागद सरकेल एवढी. लोर्नाच्या बोटाला ती लागली आणि तिने दुरुस्तीचा अर्ज लिहिला. अर्जावर दोन्ही किल्लीवाल्यांच्या सह्या लागत. एक बाजू म्हणाली, आधी त्यांनी करावी. दुसरी म्हणाली, पेटीच काढून टाका, पोलादी आणा. अर्ज पडून राहिला. पुढच्या वर्षी तिने दुसरा लिहिला, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा. त्या पहिल्या हिवाळ्यात माझ्या फटीत काहीतरी अडकले होते. काय ते पुढे सांगते. अजूनही सांगताना मला लाज वाटते.

तिसऱ्या वर्षीच्या वसंतात गव्हर्नरने इरीन वोज्निक यांचे नाव सुचवले. बावीस वर्षे खालच्या न्यायालयात काढलेली बाई, कातडी कमावणाऱ्या कामगाराची मुलगी. त्यांच्या जिल्ह्याचा सिनेटर होता अमोस गिल्फिलन. विरोधी पक्षाचा, बहात्तर वर्षांचा, आणि माझी दुसरी किल्ली त्याच्याच घड्याळाच्या साखळीला असे. गुरुवारी पाचला चिठ्ठीची मुदत संपणार होती. तोपर्यंत चिठ्ठी माझ्यात सापडली नाही, तर इरीनबाईंचे नाव परत जाणार होते, आणि त्यांच्या वयात नाव दुसऱ्यांदा येत नाही.

मंगळवारी अमोसने त्यांना दोनशे दहामध्येच भेटायला बोलावले.

"बसा, जजबाई."

"उभी बरी आहे. फार वेळ घेणार नाही मी."

"मी घेणार आहे. बसा." त्या बसल्या. "माझ्या मतदारसंघाचा नवा नकाशा तुम्ही रद्द केलात."

"केला."

"आज पुन्हा समोर आला तर?"

"आजही करीन. नदीपलीकडची तीन गावं तुम्ही कात्रीनं कापून काढलीत. तिथं तुम्हाला मतं पडत नाहीत म्हणून."

अमोसने मिशी ओढली. "निदान आज तरी 'बघू, विचार करू' म्हणायचं होतंत. बाकी सगळे म्हणतात."

"म्हणजे चिठ्ठी मिळाली असती?"

"नाही. पण तुमच्यावर रागावणं सोपं गेलं असतं."

इरीनबाई उठल्या. दाराशी थांबून म्हणाल्या, "सिनेटर, तुम्ही मला नको म्हणा. हक्क आहे तुमचा. पण ऐकून घेऊन नको म्हणा. बावीस वर्षं मी दुसऱ्यांचं तसंच ऐकलंय."

बुधवारी क्लाइड बर्नहॅम आला. अमोसच्या पक्षाचा नेता. पेपरमिंट चघळत बोलायची त्याला सवय होती.

"चिठ्ठी खिशात आहे ना, अमोस? तिथंच असू दे."

"तिचं ऐकायला काय हरकत आहे, क्लाइड?"

"लोकांनी ऐकलं तर ती त्यांना आवडेल. हीच हरकत." त्याने अमोसच्या कोटावरचा धागा उचलला. "पुढच्या निवडणुकीला आपल्याच पक्षातला एखादा तरणा गडी तुझ्यासमोर उभा राहू नये, असं मला फार वाटतं हं. फार वाटतं."

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी होती. शेजारच्या खोलीत लोर्ना डबा खात होती. अमोस एकटा आत आला. त्याने निळी चिठ्ठी काढली, माझ्याच झाकणावर ठेवली आणि सही केली. पेनाचे टोक मला अक्षर न् अक्षर टोचले. मग त्याने ती माझ्या चिरेतून आत सोडली.

आणि ती माझ्या आतल्या भिंतीवरून घसरत सरळ फटीत गेली. खाली, पोकळीत.

मित्रांनो, मी ओरडले असते. पण लाकडाला एक 'टक्' सोडून दुसरा शब्द येत नाही. तेवढाच मी उच्चारला. दाराशी पोहोचलेला अमोस वळला. "तुझीही हाडं वाजायला लागली म्हणायची," असे म्हणून तो निघून गेला.

साडेचारला समिती बसली. अध्यक्ष होत्या मार्गारेट स्टोव्हल, गव्हर्नरच्या पक्षाच्या. तिसऱ्या रांगेत इरीनबाई मांडीवर कोट घेऊन बसल्या होत्या. मागे भिंतीला टेकून बर्नहॅम उभा होता. दोन किल्ल्या दोन कुलपांत फिरल्या. लोर्नाने झाकण उचलले, आत पाहिले आणि हळूच म्हणाली, "रिकामी."

खोलीत कुणी दचकले नाही. अमोस सोडून.

स्टोव्हलबाईंनी चष्मा काढला. "वाटलं होतं, अमोस, तुम्ही तरी. पण नाहीच. निदान तोंडावर सांगायचं धैर्य तरी दाखवायचं." बर्नहॅमच्या तोंडात पेपरमिंट करकरले. इरीनबाई उठल्या, कोट हातावर टाकला आणि अमोसकडे पाहून मान हलवली. त्यात राग नव्हता, तेच त्याला लागले असावे.

अमोसला काहीच करावे लागणार नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. पक्ष खूश, जागा शाबूत, आणि दोष कुणाचाच नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होते. भिंतीवरचे घड्याळ पुढे सरकत होते.

पण आमच्या खोलीची एक पद्धत होती. पेटी रिकामी निघाली, तर नोंदवहीत 'रिकामी' लिहून त्याखाली दोन्ही किल्लीवाल्यांनी सही करायची. स्टोव्हलबाईंनी झरकन सही केली आणि वही पुढे सरकवली. अमोसने पेन उचलले आणि ते कागदाच्या वरच थांबले.

"सिनेटर?" लोर्ना म्हणाली.

"ह्याच्यावर माझी सही होणार नाही."

"का?"

"कारण मी चिठ्ठी टाकली होती. आज दुपारी. सही करून."

मग जो गलका झाला, तो मी ऐंशी वर्षांत ऐकला नव्हता. बर्नहॅम भिंत सोडून पुढे आला. "अमोस, म्हाताऱ्या, डोकं ठिकाणावर आहे का? बस खाली."

"सत्तर वर्षं बसलो. आता उभा आहे."

"मग चिठ्ठी गेली कुठं?" कुणीतरी ओरडले. "एका किल्लीनं ती उघडत नाही!"

"दोन्ही किल्ल्या महिन्यातून एकदा कुणाच्या हातात असतात?" हे डावीकडून आले.

"लिपिकेच्या," उजवीकडून उत्तर आले.

कित्येक वर्षांनी दोन्ही पक्षांचे एकमत झाले होते, आणि तेही चुकीच्या गोष्टीवर. सगळे लोर्नाकडे बघत होते.

"आज सोमवार नाही," ती म्हणाली. "किल्ल्या तुमच्याजवळ होत्या." मग तिने फाइल उघडली आणि तीन कागद टेबलावर एकाशेजारी एक मांडले. "तीन वर्षं लिहितेय मी. आतला तळ सुटलाय. इथं वाचा : 'फटीतून कागद खाली जाऊ शकतो.' कुणी वाचलं का? तळाला सहा स्क्रू आहेत. मला उघडू द्या."

"अजिबात नाही!" बर्नहॅम म्हणाला. "ही राज्याची ऐतिहासिक ठेव आहे. हात लावायचा नाही." पोलादी पेटीचा ठराव त्यानेच मांडला होता, हे त्याच्या लक्षात नसावे.

"दोन सह्या असल्या की लावता येतो," लोर्ना म्हणाली आणि तिसरा अर्ज पुढे केला.

अमोसने त्यावर तिथल्या तिथे सही केली. वहीवर न उमटलेली सही अर्जावर उमटली. आता पेन स्टोव्हलबाईंकडे गेले. पाचला बारा मिनिटे होती. त्यांच्याच उमेदवाराचे भवितव्य होते, त्यांनी पेन हिसकावून घ्यायला हवे होते. पण त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. खोलीत कुणालाच कळेना, त्या का थांबल्या. मला कळत होते.

"मार्गारेट, वेळ जातोय," त्यांच्याच बाजूचे कुणीतरी कुजबुजले.

त्यांनी डोळे मिटले, उघडले आणि सही केली.

पेचकस सापडेना. स्टोव्हलबाईंनी पर्समधून दहा सेंटचे नाणे काढून दिले. अमोसने मला उलटी करून छातीशी धरले आणि लोर्ना नाण्याने स्क्रू फिरवू लागली. एक, दोन, तीन निघाले. चौथा कुरकुरला. पाचवा निघाला. सहावा गंजला होता. पाचला चार मिनिटे होती. लोर्नाच्या बोटातून रक्त आले.

"ओढा," ती म्हणाली.

"मोडेल ना."

"मोडू दे. ओढा."

अमोसने ओढले. माझे लाकूड फाटले, आणि सांगते मित्रांनो, मला दुखले नाही. त्याने मला सुलटी करताच टेबलावर धूळ पडली, एक मेलेला पतंग पडला, एक केसाची पिन पडली. आणि निळी चिठ्ठी पडली. अमोसची सही, तारीख आजची.

तिच्यामागोमाग आणखी एक निळी चिठ्ठी पडली.

तिचा रंग फिकटला होता. लोर्नाने ती उचलली, वाचली आणि काही न बोलता स्टोव्हलबाईंसमोर ठेवली. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या पक्षाचा गव्हर्नर होता. त्याने हेन्री ओल्डरशॉ नावाच्या एका सज्जन माणसाचे नाव सुचवले होते. ओल्डरशॉ स्टोव्हलबाईंच्या जिल्ह्यातले. स्टोव्हलबाईंनी सही करून चिठ्ठी टाकली होती. पेटी रिकामी निघाली तेव्हा त्यांचा पक्ष खूश झाला, आणि त्या गप्प राहिल्या. ओल्डरशॉंनी वर्षभरात न्यायालय सोडले आणि ते उत्तरेला तळ्याकाठी राहायला गेले.

स्टोव्हलबाईंनी ती चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"माझीच आहे," स्टोव्हलबाई म्हणाल्या. "मला वाटलं, आमच्यातल्याच कुणी काढली असेल. विचारलं नाही मी. सोयीचं होतं." मग त्यांनी अमोसकडे पाहिले. "धैर्याबद्दल मघाशी जे बोलले, ते परत घेते."

त्यांनी हातोडी आपटली आणि इरीन वोज्निक यांची सुनावणी लावली. पाचला एक मिनिट होते.

सुनावणी दोन दिवस चालली. दोन्ही बाजूंनी त्या बाईंना उभे-आडवे घेतले. नकाशाचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी अमोसला मंगळवारी दिले तेच उत्तर सगळ्यांसमोर दिले. अमोस शब्द न् शब्द टिपून घेत होता. मग मतदान झाले. त्यांचे नाव एका मताने मंजूर झाले. अमोसने त्यांच्या विरोधात मत दिले.

बाहेर पडताना इरीनबाई त्याच्याजवळ आल्या. "आभारी आहे, सिनेटर."

"कशाबद्दल? विरोधात मत दिलंय मी."

"ऐकून दिलंत."

पुढच्या निवडणुकीत अमोसला पक्षाने उमेदवारी दिली नाही. बर्नहॅमचा तरणा गडी आला. स्टोव्हलबाईंनी अध्यक्षपद सोडले आणि ओल्डरशॉंना लांबलचक पत्र लिहिले. उत्तर आले नाही. चिठ्ठ्या आता संगणकावरून जातात म्हणे. मला तळघरात टाकले. दोन वर्षे मी तिथे फाटक्या अंगाने पडून होते, माझ्यावर जुन्या फायली रचलेल्या.

एका दुपारी तळघराचे दार उघडले. लोर्ना आली, निवृत्त झालेली, काठी घेऊन. मागून अमोस आला. त्याच्या काखेत पाइनची एक फळी होती.

"अक्रोड नाही मिळाला?" लोर्नाने विचारले.

"मिळाला असता. ही घरात होती."

"रंग मिळत नाही."

"दिसू दे की दुरुस्ती केलेली. लपवायची कशाला?"

"पण आता हिच्यात काही पडणार नाही, सिनेटर."

"तळ तरी हवाच ना, मिसेस प्रुइट," तो म्हणाला आणि खिशातून सहा नवे स्क्रू काढले. त्या दिवशी मला पुन्हा जवसाचे तेल मिळाले. ते दोघेही आता नाहीत. मला काचेत ठेवावे म्हणून लोर्नाने अर्ज केला होता, आणि त्यावर लगेच सह्या झाल्या हेही सांगायला हवे.

तर मित्रांनो, दोन कुलपे यासाठी होती की कुणा एकावर विश्वास ठेवावा लागू नये. पण कुलपे कितीही घाला, तळाकडे कुणीतरी बघावेच लागते. पुढच्या वेळी याल तेव्हा काचेशी खाली वाका. माझ्या काळ्या लाकडाखाली पांढरी पाइनची फळी दिसेल. तिला हसलात तरी चालेल. फक्त एवढे करा : उद्या तुमच्या वर्गात, घरात किंवा गावात कुणी "इथं तडा गेलाय" असे म्हटले, तर बोलणारा कुणाच्या बाजूचा आहे हे आधी विचारू नका. वाका आणि बघा. तडा खरा असेल, तर त्याच दिवशी सही करा.